घर फेरायचे दिवस

पहाटे पावणेपाच

मे संपत आला की एटापल्लीत उजाडायच्या आधी दोन आवाज येतात. एक कोंबड्याचा आणि दुसरा कवेलूवर कवेलू ठेवल्याचा. ज्या घरातून दुसरा आवाज आला, त्या घरची फेरणी निघाली हे सगळ्या मोहल्ल्याला कळतं. कोकणात याला शाकारणी म्हणतात, आमच्याकडे घर फेरणं. रोहिणी लागून चार दिवस झालेत, मिरग तोंडावर आहे आणि आज आमच्या मागच्या पाख्याची पाळी आहे.

मामा केव्हाच शिडीनं चढून आढ्याला पोचलेत. खाली माय टॉर्च धरून उभी आहे.

"चड लवकर. ऊन आलं का कवेलू हातात धरवत नाही," मामा वरून म्हणतात.

मी ग्रामीण गृहनिर्माण अभियंता आहे. घरकुलाचा जोता झाला, भिंती आल्या, छत झालं, की जाऊन पाहायचं, मोजायचं आणि मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह फोटो काढून चढवायचा, हे माझं काम. दिवसभर मान वर करून दुसऱ्यांची छपरं पाहतो. या आठवड्यात मात्र सकाळचे दोन तास आमच्याच घरावर जातात, आणि तिथं मी मामांच्या हाताखालचा गडी असतो.

आमचं घर दुपाखी. पुढच्या पाख्यावर माझ्या वडिलांनी चढवलेली इंग्रजी कवेलू आहेत, मागच्या पाख्यावर आणि सैपाकघरावर गावठी नळीची. इंग्रजी हे नाव उगीच पडलं. तो खाचेत खाच बसणारा नमुना मूळचा फ्रान्समधला. मंगळूरला ती कवेलू भाजायचा कारखाना काढला बासेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनी, १८६५ मध्ये. यंत्रावर दाबून निघालेली, एकसारखी, शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास लागणारी. गावठी कवेलूची गोष्ट वेगळी. कुंभार चाकावर एका तोंडाला रुंद आणि दुसऱ्या तोंडाला निमुळती अशी नळी काढतो, ती अर्धवट सुकली की उभी चिरतो, भट्टीत भाजतो. एका नळीची दोन कवेलू होतात. एक ओळ उताणी, तिच्या दोन काठांवर पालथी ओळ. खिळा नाही, बोल्ट नाही. आपल्या वजनानं आणि पाख्याच्या ढाळानं ती जागेवर राहतात. म्हणूनच ती सरकतातही, आणि म्हणूनच दर वर्षी फेरावी लागतात.

"पाय फाट्यावर दे. कवेलूच्या पोटावर नको देऊ." फाटा म्हणजे आढ्याकडून वळचणीकडे उतरणारं लाकूड.

फेरायचं म्हणजे आढ्याकडून खाली एक पट्टा उतरवत यायचा, खालच्या कमच्यांवरची वर्षभराची माती, उंदरांची घरं, पाला झाडून काढायचा आणि वळचणीपासून पुन्हा वर चढवत न्यायचा. उतरवलेलं प्रत्येक कवेलू मामा डाव्या तळहातावर तोलतात आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं ठोकतात. खणखणलं तर चांगलं. भद् वाजलं तर कुठंतरी केसाएवढी चीर आहे. डोळ्याला दिसत नाही, पण पहिल्या झडीत पाणी तिथूनच वाट काढणार. मी दहा वर्षं सिमेंटच्या ठोकळ्यांवर हातोडी मारून आवाज ऐकतोय. मामांच्या पेराइतकी खात्री मला अजून आलेली नाही.

आज अर्ध्या पाख्यातच चौतीस फुटकी निघाली. पावसानं फुटलेलं यात एकही नाही. मागच्या आंब्यावर वानरांची टोळी येते, फांदीवरून पाख्यावर आणि पाख्यावरून शेजारच्या मोहावर. गावातल्या दहा माणसांना कवेलू का काढली विचारलं तर आठ जण वानराचं नाव सांगतील.

खरी अडचण फुटण्याची नाही, बदलीची आहे. नळीची कवेलू भाजणारं आमच्या ओळखीत आता कुणी उरलेलं नाही. ज्याचं घर मोडलं त्याच्याकडून उचलायची. सांदवाडीत मामांनी तसा एक ढीग लावून ठेवलाय. त्यात तीन घरांची कवेलू आहेत आणि तिन्हींच्या नळीचा घेर निराळा. मामा हातानं चाचपून घराला घर जुळवतात. तो ढीग दर वर्षी थोडा बुटका होतो. कवेलूचं घर मोडायला पूर नको, वादळ नको. वर्षाला शे-पन्नास कवेलू मिळेनाशी झाली की तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात मयाल, म्हणजे मधलं आडवं मोठं लाकूड, भिजायला लागते, आणि मग ते घर उभं राहत नाही.

सकाळी साडेसात

ऊन पाख्यावर आलं. कवेलू खरंच धरवत नाहीत. उरलेला पट्टा उद्या. खाली उतरून आंघोळ, भाकर, चहा.

पिशवीत टेप, पाणसळीची पारदर्शक नळी, ओळंबा आणि एक वही. या वहीत डावीकडे अंदाजपत्रकातला शब्द आहे आणि उजवीकडे गावातला. रिज म्हणजे आडं. बॅटन म्हणजे रीप, आणि गावठी कवेलू असेल तर कमची. ट्रस म्हणजे कैची. ही वही मला माझ्याच चुकीनं धरायला लावली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका घरी मी सांगून आलो, वासा सडलाय, तेवढा बदलून घ्या. माझ्या डोक्यात मधलं आडवं मोठं लाकूड होतं. त्या घरी वासा म्हणजे उतरता बांबू. त्यांनी इमानदारीनं सगळे बांबू बदलले, आणि ज्याच्यावर ते टेकले होते ती मयाल तशीच राहिली. जुलैत ती मधोमध वाकली. रात्री सगळे ओसरीत झोपले होते म्हणून कुणाला लागलं नाही. तेव्हापासून मी लाकडाला हात लावल्याशिवाय त्याचं नाव घेत नाही. बोट ठेवायचं, विचारायचं, याला काय म्हणता? मग लिहायचं.

सकाळी साडेनऊ

मुख्य रस्त्यावर सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक आलापल्लीकडे चाललेत. रस्त्याकडेच्या टिनांवर लाल धुळीचा थर बसलाय. लोखंडाचा डोंगर या तालुक्यात. घरावर घालायचा पत्रा मात्र बाहेरून येतो.

हार्डवेअरच्या दुकानात एक ताई टिना घ्यायला आल्यात, सोबत दहावीतला मुलगा. मला ओळखतात. "सर, तीसवाला देऊन राह्यले. चोवीसपेक्षा तीस जाड असन न?"

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो, आणि तो चुकीचा वाटावा असं त्यात काहीच नाही. तीस किलो चोवीस किलोंपेक्षा जास्त, तीस फूट चोवीस फुटांपेक्षा जास्त. गेज तेवढं उलटं चालतं. आकडा वाढला की पत्रा पातळ. चोवीस गेजचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या वर भरतो, तीसचा त्याच्या निम्म्याकडे झुकतो. पातळ पत्रा स्वस्त पडतो, हाताळायलाही हलका. पण त्यावर एकदा माणूस चढला की नाली दबते आणि दबलेल्या जागी पाणी थांबतं. मी त्यांना गेजचा आकडा विसरायला सांगितलं. मिलिमीटर विचारा, पत्र्याच्या काठावर छापलेला आकडा वाचा, आणि तोच बिलावर लिहून घ्या.

मुलानं विचारलं, पत्र्याला नाल्या कशाला पाडतात? पाणी वाहायला का? पाणी वाहतंच, पण कारण दुसरं आहे. मी त्याच्या हातात दुकानातला कोरा कागद दिला आणि दोन वह्यांच्या मध्ये पूल करून ठेव म्हटलं. कागद लगेच वाकला. मग त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घालायला लावल्या. आता त्याच्यावर दुकानदाराचा पेन राहिला, मग दुसरा, मग खिळ्यांची छोटी पुडी. लंडनच्या हेन्री पामर नावाच्या अभियंत्यानं १८२९ मध्ये लोखंडी पत्र्याला अशा नाल्या पाडायची रीत पेटंट करून घेतली; तेव्हापासून जगभर गोदामं, छावण्या, शाळा त्याखाली उभ्या राहिल्या. मुलगा पुडीवर आणखी एक पुडी ठेवत होता. ताईंनी जाड पत्रा घेतला, दोन नग कमी.

दुकानात कोपऱ्यात सिमेंटचे पत्रेही होते. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. कुणी विचारलं तर मी एकच सांगतो : घालायचाच असेल तर कापताना, भोक पाडताना पाणी मारत राहा, नाकातोंडाला फडकं बांधा, आणि त्याच्या तुकड्यांवर पोरांना खेळू देऊ नका. ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, आणि कर्करोग करणारी आहे हे पक्कं ठरलेलं आहे.

सकाळी अकरा

कसनसूर रस्त्यावरचा एक टोला. पंचवीस चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं घरकुल. उद्या स्लॅब आहे. सेंट्रिंग बांधून झालंय, बल्ल्या उभ्या आहेत, सळाखींची जाळी पसरली आहे. मिस्त्री आलापल्लीकडचे, हात चांगला आहे त्यांचा.

मी वर चढून जाळीखाली बोट घालायला गेलो तर बोट जाईना. सळाख थेट प्लेटवर बसलेली. याच्यावर काँक्रीट ओतलं की सळाखीच्या खालच्या अंगाला सिमेंटचा पापुद्राच राहणार. चार-सहा पावसाळ्यांत ओल आत शिरते, सळाख गंजून फुगते आणि छताचे पोपडे खाली पडायला लागतात. झोपलेल्या लेकराच्या अंगावर पोपडा पडल्याचं मी पाहिलंय. उपाय अगदी लहान आहे : सळाखीखाली वीस मिलिमीटर जाडीचे सिमेंटचे तुकडे सरकवायचे. मिस्त्रींकडे तयार नव्हते. आज सिमेंट-रेती कालवून घमेल्यात थापले, सुतानं चौकोन पाडले. एका दिवसात त्यांना ताकद येणार नाही, म्हणून स्लॅब चार दिवस पुढं गेला. घरमालक हिरमुसले, पावसाआधी व्हायला हवं म्हणाले. मलाही पावसाचीच काळजी आहे. पण हे चार दिवस तीस वर्षांचे आहेत, असं त्यांना सांगून त्यांच्यासमोरच मिस्त्रींशी तारीख ठरवली.

तीस वर्षं हा आकडा माझा नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत पक्क्या घराची व्याख्या आहे : वापर, ऊन, वारा, पाऊस सोसून, वाजवी देखभाल केली तर किमान तीस वर्षं टिकेल ते पक्कं. 'वाजवी देखभाल' हे दोन शब्द त्यात आहेत, आणि माझा सगळा जीव त्यांच्यात अडकलेला असतो. कवेलूच्या घराला देखभालीसाठी शब्द आहे, दिवस आहे, रीत आहे. रोहिणी लागल्या की फेरणी. सांगावं लागत नाही. स्लॅबच्या घराला असा शब्दच नाही. लोकांची समजूत अशी की स्लॅब टाकला, आता पाहायला नको. मग वरच्या पाइपाच्या तोंडात मोहाचा पाला अडकतो, छतावर तळं साचतं आणि भिंत ओली होते. म्हणून घर ताब्यात देताना मी आता सांगतो, मिरगाच्या आधी स्लॅबचीही फेरणी करायची : झाडायचं, पाइप मोकळा करायचा, चीर दिसली तर सिमेंटनं भरायची. शब्द ओळखीचा असल्यामुळं लोक ऐकतात. गेल्या वर्षी दोन घरांवर मला खरंच झाडू मारलेला दिसला.

दुपारी साडेबारा

त्याच टोल्यात पलीकडं एका म्हाताऱ्या बाबांचं घर. माडियात घराला लोन म्हणतात. बाबांना मराठी थोडी येते, मला माडिया त्याहून थोडी. नातू मधे बसतो. पीएम-जनमनमधून त्यांचं घरकुल मंजूर झालंय. विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी ही योजना १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. महाराष्ट्रात असे तीन गट : कातकरी, कोलाम आणि माडिया. घराला दोन लाख रुपये. मी आलो आहे जागेचा फोटो काढायला आणि जुन्या घराची नोंद पडताळायला.

आत शिरताना वाकावं लागतं, कारण वळचण कमरेच्या थोडीच वर आहे. मी शिकून नवा आलो होतो तेव्हा मला हा दोष वाटायचा. भिंत कुडाची, बांबूच्या तट्ट्यावर माती-शेणाचा लेप. इतका खाली आलेला पाखाच तिला वाचवतो. पागोळीचं पाणी भिंतीपासून हातभर लांब पडतं आणि झडीचे थेंब लेपाला लागत नाहीत. पाखा फूटभर आखूड केला तर दोन पावसाळ्यांत कूड उघडा पडेल.

आत अंधार आणि गारवा. बाहेर चाळिशीच्या वरचं ऊन, इथं घाम वाळतो. डोळे सरावल्यावर मी वर पाहिलं. मधले दोन खांब दुबेळक्याचे, निसर्गतःच दोन फांद्या फुटलेले. त्या बेळक्यात आडं नुसतं ठेवलंय. लाकूड बिज्याचं. बाबांनी आडव्या मयालीवर हात फिरवला आणि नातवाला काहीतरी सांगितलं.

"आजोबा म्हणते, हे त्यायच्या बापानं आणलं. ते तेव्हा माह्याएवढे होते."

नातू असेल बारा-तेरा वर्षांचा. बाबा सत्तरीच्या पुढं. हिशेब मीच मनात केला.

फाट्यांवर बांबूच्या कमच्या, आणि त्या बांधल्या आहेत माहूलच्या वेलीच्या सालीनं. गाठी काळ्या, चकचकीत, जणू डांबर लावलंय. ते डांबर चुलीच्या धुराचं आहे. चूल घराच्या मधोमध आहे आणि धूर कवेलूंच्या फटींतून सावकाश बाहेर पडतो. वाटेत तो प्रत्येक बांबूला माखून जातो. बांबूच्या पोटात गोडसर पिष्ट असतं, त्यासाठी घुण लागतो. कमच्या पोखरतो आणि खाली पिवळी भुकटी पडत राहते. धूर बसलेल्या बांबूला घुण सहसा शिवत नाही. बाबांनी आणखी सांगितलं, बांबू दिवाळीनंतर तोडायचा, अंधाऱ्या पाखात, आणि ओढ्यात बुडवून ठेवायचा. पाण्यात ते पिष्ट धुऊन जातं. मला हे कॉलेजात बांबूच्या धड्यात शिकवलं होतं, तारखांशिवाय.

वर मात्र चार ठिकाणी उजेडाचे ठिपके होते. एका कोपऱ्यात प्लास्टिक टाकून त्यावर विटा ठेवल्या होत्या. कवेलू नाहीत, नातू म्हणाला.

आता नोंद. छप्पर : कच्चं. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय जनगणनेपासून ही विभागणी चालत आलेली आहे. गवत, बांबू, प्लास्टिक आणि हातानं घडवलेलं कवेलू कच्च्यात. यंत्रावर दाबलेलं कवेलू, पत्रा, सिमेंट, स्लॅब पक्क्यात. त्या हिशेबानं आमच्या घराचा पुढचा पाखा पक्का आणि मागचा कच्चा, एकाच आढ्याचे दोन. मी 'कच्चं' लिहिलं. हात थांबला, पण लिहिलं, कारण त्याच शब्दानं या घराला दोन लाख येणार आहेत आणि ते यायलाच हवेत. बाबांच्या सुनेला साप-विंचवाच्या भीतीनं रात्र जागावी लागते. भिंतीच्या बुडाशी वाळवी आहे. पक्क्या भिंती, पक्का जोता, संडास, वीज यांवर तिचा पूर्ण हक्क आहे. कवेलूच्या घराचं कौतुक करणाऱ्यानं त्याच्याखाली श्रावण काढून पाहावा. आम्ही काढलेत. माय रात्रभर गळक्या जागांखाली गंज, म्हणजे पातेलं, सरकवत बसायची.

पण फॉर्मवर जे मावलं नाही ते मी वहीत उतरवलं. बिज्याचं आडं, पन्नास वर्षांच्या वरचं, किडीविना. माहूलच्या गाठी. फुटकी व गळकी जागा चार. लागणारी कवेलू अंदाजे साठ.

बाबांनी अचानक मराठीतच विचारलं, "हे पाडा लागन का?"

नाही, म्हटलं. घरकुल बाजूला बांधू, जागा आहे. या तालुक्यात हिंडताना अशी जोडी जागोजाग दिसते : पुढं घरकुल, मागं जुनं घर. पावसात पुढं झोपतात, उन्हाळ्यात मागं. फक्त एक सांगितलं, आणि नातवाकडून दोनदा वदवून घेतलं. नवीन घरात गॅस आला तरी या घरातली चूल विझू देऊ नका. आठवड्यातून दोन-तीनदा तरी पेटवा. धूर थांबला की घुण येईल.

मग नातवानं त्याच्या मनातलं विचारलं. घरकुलावर कवेलू चालते का? चालतं. मार्गदर्शक तत्त्वं स्थानिक साहित्याला मनाई करत नाहीत. छप्पर टिकाऊ हवं इतकंच. इंग्रजी कवेलू, लोखंडी कैची, चांगला ढाळ, हे सगळं नियमात बसतं आणि खोली स्लॅबपेक्षा गार राहते. लाकडाचं मात्र अवघड आहे. वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात आला. तो गावाला हक्कानं मिळतो. साग-बिजा त्यात नाहीत. बाबांच्या बापानं आणली तशी मयाल आज नातू आणू शकत नाही. नातवानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग स्लॅबच बरा, त्याच्यावर वानर नाचू दे. मी त्याला उलट काही बोललो नाही. घर त्यांचं आहे.

दुपारी तीन

पळसाखाली डबा, अर्धा तास डोळा.

दुपारी पावणेचार

परतीच्या वाटेवर एका घराला टिना ठोकणं चाललं होतं. माझं काम नव्हतं, पण गाडी थांबवली, कारण पोरगा स्क्रू नालीच्या खालच्या भागात मारत होता. तिथं मारायला सोपं जातं, पत्रा पाइपाला टेकलेला असतो. पण पाणीही तिथूनच वाहतं. रबराचा वायसर दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतो आणि मग प्रत्येक स्क्रू एक नळ होतो. बोल्ट नेहमी नालीच्या पाठीवर, उंचवट्यावर. त्यासाठीच इंग्रजी जे अक्षरासारखा वाकलेला हूक असतो. तो खालच्या पाइपाला मिठी मारतो आणि वर नट आवळला जातो.

पोरानं मान्य केलं, पण लगेच पुढचं विचारलं, "अन् जोड कोनत्या अंगानं?" चांगला प्रश्न. आपला पाऊस नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. दीड नालीचा जोड द्यायचा आणि जोडाचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवायचं, म्हणजे वारा त्यात शिरणार नाही. सुरुवात वळचणीकडून, वरचा पत्रा खालच्यावर सहा इंच. कवेलूचाच नियम. नाव बदललं, माल बदलला, तरी पाणी वरून खालीच येतं.

टिनाची मला धास्ती वाटते ती गळण्यापेक्षा उडण्याची. वीस फूट कवेलूचा पाखा वाऱ्याला हलत नाही. वीस फूट पत्रा खालून वारा शिरला की पतंग होतो. एप्रिल-मेच्या वादळानंतर पंचनामे येतात, त्यांत उडालेल्या टिनाच जास्त. लोक वर दगड ठेवतात, जुने टायर ठेवतात. वादळात तो दगड पत्र्याच्या आधी खाली येतो. मी त्यांना वळचणीच्या ओळीत प्रत्येक दुसऱ्या नालीवर हूक टाकायला सांगितले. वीस-बावीस हूक जास्तीचे. मालक घरात जाऊन पैसे घेऊन आले, आणि पोरगा सायकलवर दुकानाकडे गेला.

संध्याकाळी साडेपाच

कार्यालयात फोटो चढवणं. नेट येतं-जातं. बाबांच्या जागेचा फोटो चौथ्यांदा गेला. स्लॅबची तारीख पुढं ढकलल्याचं कारण लिहिलं. उद्याच्या कामात जांबिया भागातली दोन जोत्याची मोजमापं.

रात्री सव्वाआठ

जेवायला बसलो आणि वारा सुटला. आधी धुळीचा, मग आंब्याचा पाला, मग टपोरे थेंब. वीज गेली. शेजारच्या टिनावर पाऊस असा वाजायला लागला की मामा काय म्हणतात ते ऐकू येईना. आमच्यावर आवाज मऊ पडत होता, सुपात धान पाखडल्यासारखा.

मायनं सवयीनं गंज उचलून सैपाकघराच्या दारापाशी ठेवला. तिथं तीन वर्षं गळत होतं. मामांनी टॉर्च वर धरली. काल फेरलेला पट्टा कोरडा. आज सकाळी फेरलेला कोरडा. जिथं ऊन आलं म्हणून हात थांबवला होता, त्या जागी कमचीच्या खालच्या अंगाला एक थेंब जमला, लांबला, गंजात पडला. मग दुसरा.

"एकच जागा आहे," मामा म्हणाले. "मधातलं पालथं सरकलं असन. उद्या पावणेपाचले."

मी वही काढली आणि टॉर्चच्या उजेडात लिहिलं : ढिगातून उद्या साठ कवेलू निवडून ठेवणं, मोठ्या घेराची, बाबांच्या घरासाठी. मामांना वाचून दाखवलं. त्यांनी काही वेळ हिशेब केला, आपल्याला किती लागतील, पुढच्या साली किती.

"चाळीस ने," ते म्हणाले. "आन् त्यायले सांग, ठोकून घेजो."